एकाच टिपरमधले दोघे

हे प्रकरण गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या एका खाणपट्ट्यातल्या गावाचे आहे. मी त्या भागातल्या एका पतसंस्थेत कर्ज आणि वसुलीचे टेबल सांभाळत होतो, आता निवृत्त आहे. संस्थेचे नाव देत नाही, माणसांचीही देत नाही. गावात ज्या हाकेने त्यांना ओळखतात तीही थोडी बदलून घेतली आहे: ट्रकमालक भाई, त्यांचा मुलगा बाबू, आणि त्यांच्या गाडीवरचा विजापूरकडचा ड्रायव्हर, ज्याला सगळे अण्णा म्हणत. जागतिक विषमता म्हटले की जागतिक बँक, अब्जाधीशांच्या याद्या, परिषदा असले काहीतरी डोळ्यांसमोर येते. माझ्या डोळ्यांसमोर एका टिपरची केबिन येते आणि तिच्यात बसलेले हे दोघे तरणे पोरगे.

पार्श्वभूमी

भाई मुंडकारांच्या घरातले. राहते घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत, स्वतःची म्हणून डोंगरावर थोडी काजूची झाडे. वडील खाणीवर मजूर. भाईंनी नव्वदच्या दशकात जुना ट्रक घेतला, तो फेडला, आणि २०१० च्या डिसेंबरात आमच्या संस्थेकडून ११ लाखांचे कर्ज काढून दुसरा नवा टिपर घेतला. तारण गाडी आणि दोन जामीनदार, तेही ट्रकमालकच. हप्ता महिना २५ हजारांच्या आसपास.

तो काळ ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून पटत नाही. पिळगाव, सारमानसच्या जेटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाडीच्या शेपटीला गाडी. झाडांची पाने तांबडी, दोरीवरचे कपडे तांबडे, विहिरीच्या कठड्यावर बोट फिरवले तर बोट तांबडे. जेटीवर माल ओतायचा, बार्ज मांडवीतून मुरगाव बंदराकडे जायची आणि तिथून जहाज चीनला. आमची माती हलक्या प्रतीची. पूर्वी लोहाचे प्रमाण ५८ टक्क्यांखाली असलेला माल कोणी विचारत नसे, तो खाणीशेजारी डंप म्हणून रचून ठेवत. चीनमध्ये पोलादाच्या भट्ट्या वाढल्या आणि त्या कचऱ्यालाही गिऱ्हाईक आले. २०११ च्या फेब्रुवारीत चांगल्या प्रतीच्या लोहखनिजाचा भाव टनाला १९० डॉलरच्या घरात होता.

भाईंचा टिपर एका ट्रिपला दहा टन नेई. आमच्या मातीला त्या भावाच्या निम्मा धरला तरी गाडीतल्या मालाची किंमत बंदराबाहेर ४० हजारांच्या वर जाते. त्यात खोदाई, बार्ज, कर असा खर्च आहे, मान्य. भाईंना त्या ट्रिपचे आठशे-नऊशे मिळत आणि त्यातूनच डिझेल. अण्णाला पगाराशिवाय ट्रिपमागे पन्नास रुपये बाटा. म्हणून तो दिवसाला जास्तीत जास्त ट्रिपा मारी, आणि रस्त्यावरची पोरे शाळा सुटली की कुंपणाला चिकटून चालत.

खाणी कोणाच्या, हेही इथेच सांगतो. पोर्तुगीज सरकारने खाणींच्या सवलती वाटल्या, त्यासाठीचा कायदा १९०६ चा. १९६१ च्या मुक्तीनंतर त्या सवलती तशाच चालू राहिल्या, १९८७ च्या कायद्याने त्यांचे भाडेपट्टे झाले, मालक बहुतेक तेच. रॉयल्टी २००९ पर्यंत टनामागे मोजके रुपये होती, त्यानंतर किमतीच्या दहा टक्के झाली. जमिनीखालचे जे सगळ्यांचे, ते थोड्या घराण्यांच्या आणि कंपन्यांच्या हाती, त्याचा भाव ठरणार परदेशात, आणि वाहतुकीसाठी लागणाऱ्या गाड्यांचे कर्ज मात्र गावातल्या मुंडकाराच्या नावावर. धंदा वाढला तेव्हा वाटणी वरच्या बाजूने झाली. बसला तेव्हा खालच्या बाजूने.

हे तेव्हा मला असे दिसले होते का? नाही. मी खूश होतो. वसुली शंभर टक्के होती.

अडचण

१० सप्टेंबर २०१२. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल संसदेत आल्यावर राज्य सरकारने खाणी थांबवल्या. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, नऊ दिवसांवर होती. ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम आणि वाहतूक दोन्ही बंद केली. बेकायदा खाणकाम झाले होते हे उघड होते आणि न्यायालयाचे काही चुकले असे मी कधी म्हटले नाही. पण ज्यांनी ते केले त्यांच्या घरी गणपतीवर फळाफुलांची माटोळी दरवर्षीसारखीच बांधली गेली. भाईंच्या घरी त्या वर्षी गणपती दीड दिवसाचा झाला.

भाईंचे कर्ज त्या दिवशी आठ लाखांना थोडे कमी शिल्लक होते. जुना ट्रक आणि नवा टिपर दोन्ही अंगणात. बाबू तेव्हा बावीसचा, बीकॉम करून कुठे लागत नाही म्हणून टिपरवर अण्णाच्या शेजारी बसत होता, स्टिअरिंग शिकत होता. अण्णा त्याच्याहून चार वर्षांनी मोठा, पाचवी शिकलेला, बायको आणि तीन वर्षांचा मुलगा गावातच भाड्याच्या खोलीत. पगार आणि बाटा मिळून त्याला महिना बारा-तेरा हजार पडत. ते एका दिवसात शून्यावर आले.

मी वसुलीला गेलो तेव्हा भाई गाडीच्या बॅटरीची वायर काढत होते. म्हणाले, "बाब, चवथीनंतर सुरू होतले असे म्हणतात." मग दिवाळीनंतर, मग शिगम्यानंतर. अख्खा तालुका त्या वर्षी सणांवर दिवस ढकलत होता.

कोणते मार्ग होते

आमच्या बाजूने दोन होते. गाडी जप्त करून विकायची किंवा थांबायचे. मी सप्टेंबरातच भाईंना सुचवले होते की नवा टिपर तेवढा आत्ता विका, कर्नाटकात कोणीतरी घेईल, उरलेले कर्ज आपण बांधून देऊ. भाई तयार नव्हते. ट्रकमालकांची संघटना सांगत होती की गाडी विकली तर खाण सुरू झाल्यावर यादीतला नंबर जाईल. संचालक मंडळही थांबा म्हणाले, कारण मंडळातल्या दोघांचे स्वतःचे टिपर उभे होते. सहा महिन्यांनी विकायला काढला तर बाजारात सगळ्यांचेच टिपर. जी गाडी सप्टेंबरात सात लाखांना गेली असती तिला मार्चमध्ये चार कोणी देईना.

पहिला निर्णय इथे चुकला, आणि तो एकट्या भाईंचा नव्हता.

घराच्या बाजूने तीन-चार गोष्टी बोलल्या जात होत्या. काजूचा डोंगर विकायचा: पण कुळमुंडकारीच्या कागदांत तो अजून आजोबांच्या नावावर, पाच वारस, आणि गोव्यात नागरी कायद्याप्रमाणे सगळ्या वारसांच्या, त्यांच्या नवरा-बायकोच्याही सह्या लागतात. बाबूला जहाजावर पाठवायचे: त्याला कोर्स, कागद आणि ओळख लागते, आणि ती ओळख आमच्या बाजूच्या गावांत कमी, सासष्टी-बार्देश तालुक्यांत जास्त. गल्फ. आणि चौथी गोष्ट बाबूच्या कॉलेजमधल्या मित्राने काढली: पोर्तुगीज पासपोर्ट.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेला माणूस पोर्तुगालच्या कायद्याने जन्मतः पोर्तुगीज धरला जातो, आणि त्याची मुले-नातवंडे लिस्बनमध्ये नोंद करून नागरिकत्व मागू शकतात. ते मिळाले की त्या वेळी युरोपीय संघातल्या कुठल्याही देशात जाऊन काम करता येत होते. ब्रिटन तेव्हा संघात होते, म्हणून गोव्याचे लोक पोर्तुगालला टेकून पुढे इंग्लंडला जात. स्विंडन या गावी इतके गोंयकार आहेत की मी ते नाव नकाशात पाहण्याआधी कर्जाच्या अर्जांत वाचले.

भाई १९५९ चे. म्हणजे कागद त्यांच्याच जन्माचा होता.

अण्णाचा मुलगा २००९ साली डिचोलीच्या सरकारी इस्पितळात जन्मला. त्याचा काही उपयोग नव्हता. भाईंचे सख्खे चुलतभाऊ सीमेपलीकडे महाराष्ट्रात दोडामार्गला राहतात, नाक्यापासून चालत जाता येईल इतक्यावर. त्यांचे वडील लग्नानंतर तिकडे गेले, मुले तिकडे जन्मली, जुन्या सावंतवाडी संस्थानच्या हद्दीत. त्यांच्या स्वतःच्या जन्माचा तसला कागद नाही, मागायचे तर वडिलांच्या जन्मावरून मागावे लागणार. एक आजोबा, एक कुलदैवत, आणि मध्ये एक नाका.

ब्रँको मिलानोविच या अर्थतज्ज्ञाने जगभरच्या घराघरांतल्या उत्पन्नांची आकडेवारी जुळवून दाखवले आहे की माणसामाणसाच्या उत्पन्नातल्या तफावतीचा निम्म्याहून अधिक भाग तो कोणत्या देशात राहतो एवढ्यावरूनच सांगता येतो. शिक्षण, कष्ट, हुशारी, नशीब हे सगळे उरलेल्या भागात. मला हे नंतर वाचायला मिळाले. वाचताना दोडामार्गचा नाका आठवला.

काय केले

घरात पासपोर्टावरून जे झाले ते कुठल्याही अर्जात येणार नाही. भाईंच्या आई तेव्हा हयात होत्या. त्यांच्या नवऱ्याला पोर्तुगीज पोलिसांनी पत्रके सापडली म्हणून उचलून नेले होते, एक रात्र डिचोलीच्या ठाण्यात ठेवून सोडले होते आणि त्यानंतर त्यांचा डावा कान कामातून गेला. पात्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या ते वर्ष. आजी म्हणाल्या, "ज्याच्या कानावर मारले त्याच्याच नातवान त्यांचो कागद मागपाचो?" कोणी काही बोलले नाही. तीन दिवसांनी त्यांनी स्वतःच ट्रंक उघडली आणि नवऱ्याचा जुना पोर्तुगीज दाखला, ज्याला आपल्याकडे तेओर म्हणतात, फडक्यात गुंडाळलेला काढून दिला. का, ते त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

मग नावांचा घोळ. पोर्तुगीज कारकुनाने कानाला आले तसे लिहिलेले. विठ्ठलचे विटोल, शंकरचे शेंकोर, आडनावाला शेवटी भलताच स्वर. भाईंचे नाव जन्मदाखल्यात एक, शाळेच्या दाखल्यात दुसरे, मतदार यादीत तिसरे. तिन्ही माणसे एकच, असे प्रतिज्ञापत्र. आई-वडिलांच्या लग्नाची नोंद. प्रत्येक कागदाचे भाषांतर, शिक्का. एजंट पणजीचा. सगळे मिळून विमानतिकीट धरता लाख-सव्वा लाख खर्च आला, आणि तो भाईंच्या बायकोच्या सोन्यावर आमच्याच संस्थेने दिला. थकलेल्या खातेदाराला नवे कर्ज! मंडळात मी तेव्हा इतकेच म्हटले की टिपर पडून गंजतो आहे, मुलगा पडून गंजला तर वसुली कशातून होणार. ते लिहून ठेवलेले वाक्य मला आज थोडे खुपते, पण मंजुरी त्याच वाक्यावर मिळाली.

इथे एक महत्त्वाचा टप्पा आला. नोंद भाईंची व्हायची, कारण १९६१ पूर्वीचा जन्म त्यांचा. पण लिस्बनमध्ये नोंद झाली म्हणजे भारताचे नागरिकत्व गेले का, यावर त्या दिवसांत गोव्यात गदारोळ चालू होता, आमदारांवरसुद्धा आक्षेप घेतले जात होते. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. भाईंना भीती की रेशनकार्ड, मत, खाणग्रस्तांची मदत, सगळे जाईल. वकिलाने सांगितले, तुम्ही पोर्तुगीज ओळखपत्र आणि पासपोर्ट घेऊ नका, नोंद तेवढी मुलाला आधार म्हणून. भाईंनी तसे केले. तो सल्ला कायद्याच्या कसोटीला किती उतरला असता हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. घराने धोका पत्करला, एवढे खरे.

बाबूला २०१५ च्या शेवटी पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला. भारतीय पासपोर्ट परत केला. २०१६ च्या मार्चमध्ये तो स्विंडनला गेला.

आता अण्णाकडे वळतो, कारण लोक ही गोष्ट सांगताना बाबूचे विमान उडाले की थांबतात.

अण्णा २०१२ च्या दिवाळीला बायको-मुलासकट विजापूरकडे परत गेला. वाटणीचे दोन एकर कोरडवाहू, ज्वारी, पाऊस आला तर. २०१३ च्या उन्हाळ्यात परत आला आणि माझ्या टेबलासमोर उभा राहिला. त्याला ६० हजार हवे होते. गल्फमध्ये ट्रक ड्रायव्हरची नोकरी, मुंबईचा एजंट, पगार इथल्या तिप्पट. दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टावर परदेशी कामाला जाताना सरकारी मंजुरीची अट असते. ती आखाती देशांना लागू आहे, अशा माणसांना तिकडे फसवतात म्हणूनच ती घातलेली. मी त्याला हे समजावले. तो म्हणाला, "साहेब, मंजुरी एजंट करणार." मी म्हटले, जामीनदार आण. गावात त्याला ओळखणारे सगळे, जामीन राहणारा कोणी नाही, कारण आमच्या नियमाप्रमाणे जामीनदाराचे गोव्यात घर किंवा जमीन हवी. भाई जामीन राहिले असते, पण ते स्वतः थकबाकीदार. अर्ज परत केला. फाइलवर शेरा माझ्या हातचा आहे: "स्थानिक नाही."

त्याने ते पैसे गावाकडे शेकड्याला पाच रुपये महिना व्याजाने उभे केले. एजंटाने व्हिसा दिला तो भेटीचा निघाला. विमानतळावरून त्याला परत पाठवले, एका अर्थी तो वाचलाच. पैसे गेले.

काय झाले

बाबूला स्विंडनमध्ये एका गोदामात काम मिळाले. रात्रपाळी, खोकी उचलून पट्ट्यावर ठेवायची. ब्रिटनमध्ये त्या एप्रिलपासून पंचवीस वर्षांच्या आणि त्यावरच्या कामगारांचे किमान वेतन तासाला ७.२० पौंड झाले होते. आठवड्याला चाळीस तास, २८८ पौंड, त्या वेळच्या दराने सत्तावीस हजार रुपये. कापाकापीआधी एका आठवड्याची मजुरी, आणि आमचा महिन्याचा हप्ता २५ हजार. पहिले पैसे आले तेव्हा भाई पावतीपुस्तक घेऊन आले आणि खुर्चीत बसण्याआधी म्हणाले, "बाब, तो खोकी उचलता. गाडी चालवपाक तरी शिकलो आसलो."

तो तिथे श्रीमंत नव्हता. एका खोलीत तिघे, पाळ्या वेगळ्या म्हणून एकच गादी दोघांना पुरत असे. तिथल्या समाजाच्या उतरंडीत तो तळाच्या पायरीवर होता आणि आमच्या गावाच्या उतरंडीत एकदम भाटकाराच्या ओसरीवर. २०२२ चा जागतिक विषमता अहवाल सांगतो की जगातल्या वरच्या दहा टक्क्यांकडे एकूण उत्पन्नाचा ५२ टक्के हिस्सा जातो आणि खालच्या अर्ध्या जगाकडे साडेआठ टक्के. संपत्तीचे आकडे आणखी कडक, ७६ टक्के आणि २ टक्के. हे आकडे ऐकले की आपण लगेच वरच्या दहांतले चेहरे शोधतो. मला मात्र कुतूहल वाटते ते सीमारेषेचे. बाबू ज्या दिवशी ती ओलांडून गेला त्या दिवशी त्याच्या अंगात नवे कौशल्य काही आले नव्हते. अण्णा त्याच्याहून चांगला ड्रायव्हर होता, आणि त्याला गाडी शिकवणाराही अण्णाच.

जून २०१६ मध्ये ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडायचे ठरवले. स्विंडननेही बाहेर पडण्याच्याच बाजूने बहुमत दिले. बाबूच्या पाळीत दोन इंग्रज म्हातारे कामगार होते. त्यांनी त्याला सांगितले, तुझ्यावर राग नाही, पण तुम्ही आल्यापासून पगार वाढत नाही. त्यांचे म्हणणे कितपत बरोबर यावर तिकडचे अर्थतज्ज्ञ भांडत बसले आहेत. मला त्यात एवढे दिसले की चीनच्या भट्ट्या पेटल्या त्या काळात तिकडचे कारखाने मंदावले, आणि आमच्या डोंगराची माती ज्या भट्ट्यांत गेली त्याच भट्ट्यांची झळ त्या म्हाताऱ्यांनाही लागली. बाबू वेळेत पोचला होता म्हणून अर्ज करून त्याला २०२१ मध्ये कायम राहण्याचा हक्क मिळाला. त्याच्या बऱ्याच मागून कागद तयार झालेल्या आमच्या गावच्या एका पोराला १ जानेवारी २०२१ नंतर तोच पासपोर्ट असून ब्रिटनचे दार बंद. तो पोर्तुगालमध्ये शेतावर काम करतो.

इकडे आमचे कर्ज. जुना ट्रक बेळगावच्या भंगारवाल्याने नेला. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये बंदी उठवली, वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीतला दहा टक्के भाग एका कायम निधीत ठेवायला सांगितला. प्रत्यक्ष ट्रिपा २०१५ च्या अखेरीस सुरू झाल्या तेव्हा भाव टनाला ४० डॉलरला टेकला होता, म्हणून भाडेही पडलेले. भाईंनी टिपर दीड वर्ष कसाबसा चालवला, ड्रायव्हर अण्णाच. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ भाडेपट्टे रद्द केले आणि १६ मार्चपासून पुन्हा सगळे बंद. पण तोवर कर्ज फिटले होते, बाबूच्या पैशांनी, २०१७ च्या ऑगस्टात. शेवटच्या पावतीवर सही करताना मला समाधान वाटले हे खोटे नाही. ताळेबंदात ते खाते "नियमित" झाले. चिनी भट्ट्यांसाठी काढलेले कर्ज इंग्रजी गोदामातून फिटले आणि आमच्या वार्षिक अहवालात ते "प्रभावी वसुली" या मथळ्याखाली छापून आले.

घराला नवे छप्पर आले. आजी २०२० च्या मे महिन्यात गेल्या, विमाने बंद होती, बाबूने बारावा दिवस फोनवर पाहिला. काजूचा डोंगर अजून पाच वारसांत अडकला आहे आणि आता त्यातल्या एका घराची सही स्विंडनहून यायची. बाबू कायद्याने परदेशी नागरिक. वारशाने आलेली शेतजमीन ठेवू शकतो, नवी विकत घेऊ शकत नाही. पंचायतीच्या निवडणुकीत मतदान नाही. आमच्या वाड्यावर आता बारा घरे आहेत, त्यांतल्या चारांना बाहेरून कुलूप, आणि कुलूप लावलेली घरेच सगळ्यांत चांगली रंगवलेली.

अण्णा मोपा विमानतळाच्या कामावर टिपर चालवायला गेला. तिथेही मध्ये काम थांबले, मग सुरू झाले. सावकाराचे व्याज तो २०१९ पर्यंत भरत होता. मुलगा सरकारी मराठी शाळेत शिकला, वर्गात पहिल्या तिघांत. पुढे सवलतींसाठी पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला हवा. मुलगा जन्मापासून इथलाच, पण भाड्याच्या खोलीची पावती घरमालकाने कधी दिली नव्हती. शेवटी शाळेच्या हजेरीपटावरून आणि लसीकरणाच्या कार्डावरून तो दाखला काढला. मी दोन वेळा मामलेदार कचेरीत गेलो त्याच्याबरोबर. निवृत्त माणसाला वेळ असतो.

कुठे वेगळे करता आले असते

पहिले, कर्ज देतानाच. आमच्या वाहनकर्जांत टिपरच टिपर होते, आणि सगळे एकाच खाणपट्ट्यात, एकाच गिऱ्हाइकाच्या भरवशावर. जामीनदारही टिपरवालेच, म्हणजे एक बुडाला की तिघे बुडणार. एवढे साधे गणित आम्हाला कळत होते. पण चढत्या काळात हात आखडता घेतला असता तर लोक दुसऱ्या संस्थेत गेले असते. किमान एवढे करता आले असते की चांगल्या वर्षांत हप्ता मोठा ठेवून तीन वर्षांत कर्ज फेडून घ्यायचे. २०१२ ला भाईंच्या डोक्यावर आठऐवजी पाच लाखांच्या आसपास राहिले असते.

दुसरे, सप्टेंबर २०१२. विकायला मी सांगितले होते, हे म्हणून मी सुटत नाही. मी एकदा सांगितले आणि मंडळासमोर लेखी मांडले नाही.

तिसरे मोठे आहे आणि माझ्या टेबलाबाहेरचे. खनिज ही पुढच्या पिढ्यांचीही ठेव आहे, ती विकली तर किंमत पुरती वसूल करून निधीत ठेवायला हवी, हा मुद्दा गोवा फाउंडेशन ही पर्यावरण संस्था न्यायालयात आणि बाहेर मांडत आली. कायम निधी २०१४ मध्ये आला तेव्हा तेजीची वर्षे होऊन गेली होती. तो निधी दहा वर्षे आधी असता तर बाबूने परदेशी जायचे की नाही हे निदान मोकळेपणाने ठरवले असते. गेलाच नसता असे मी म्हणणार नाही, त्याला जग पाहायचे होते.

चौथे, "स्थानिक नाही". हा शेरा नियमात बसत होता. पण त्याच आठवड्यात मी एका थकबाकीदाराच्या मुलाला परदेशी जाण्यासाठी सोन्यावर कर्ज मंजूर करून घेतले होते, आणि सात वर्षे टिपर न आपटता चालवलेल्या माणसाला परत पाठवले. एकाला घराने ठेवलेला कागद होता, घरात सोने होते. दुसऱ्याकडे फक्त काम होते. मी त्याला ६० हजार द्यायला नको होते हे आजही म्हणेन, एजंट लबाडच होता. पण पंधरा-वीस हजार देऊन खोदाई यंत्राचे प्रशिक्षण करून दिले असते तर तो सावकाराकडे गेला नसता. त्याच्याशी तेवढे बोलायला मी दहा मिनिटे दिली नाहीत. रांग मोठी होती.

२०२४ च्या एप्रिलमध्ये लिलाव झालेल्या डिचोलीच्या पट्ट्यात खाण पुन्हा सुरू झाली. संस्थेतल्या माझ्या जागेवरच्या मुलीने मध्यंतरी फोन केला, जुन्या टिपर-कर्जांचा नमुना कुठल्या कपाटात आहे विचारायला. गेलो, काढून दिला. टेबलावर नवे अर्ज होते, त्यात एक अण्णाचा, जुना टिपर विकत घ्यायचा, तोच, भाईंच्या अंगणातला. पंधरा वर्षांचा रहिवास दाखला जोडलेला. जामीनदाराच्या रकान्यात त्याने बाबूचे नाव लिहिले होते, आणि बाबूने तिकडून सही करून कागद पाठवलाही होता. मुलीने त्या रकान्याशेजारी पेन्सिलीने बारीक लिहून ठेवले होते: परदेशी नागरिक, चालत नाही.